चित्त्याच्या मुठीतलं शिसं

गवंडी भिंत सरळ आली का ते पाहायला दोरीला वजन बांधून सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. शहरातल्या लोखंडकाम करणाऱ्यांनी एका बाईचं नावच ओळंबा ठेवलं होतं. अर्थात माघारी. समोर सगळे तिला मावशी म्हणायचे, कारण समोर ओळंबा म्हणायची कोणाची छाती नव्हती. मावशी वेल्डिंग करायची. वय छप्पन्न, अंगाने काटकुळी, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, आणि नजर अशी की जगातली कुठलीही वाकडी गोष्ट तिच्या डोळ्यांत कुसळासारखी सलायची. बहिणीचं ऑपरेशन झालं तेव्हा ती दवाखान्यात भेटायला गेली आणि बहिणीला कशी आहेस विचारायच्या आधी डॉक्टरांना म्हणाली, की तुमचा पंखा खिडकीकडे बोटभर झुकलाय, खालची खाट हलवा. डॉक्टर हसले. बहीण हसली नाही. तिने मुकाट्याने खाट हलवून घेतली.

हे सगळं तिच्याकडे बापाकडून आलं होतं. बापाची शेड पत्र्याची, आत एक लांबलचक लोखंडी टेबल, त्यावर चाळीस वर्षांचे चटके, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले तोंडावर धरायचे काळे मुखवटे, आणि कोपऱ्यात दोन सिलिंडर शहाण्या मुलांसारखे साखळीने बांधून उभे. बापाला तीन मुलीच. त्याने फार विचार केला नाही, थोरलीच्या हातात मुखवटा दिला. धाकट्या दोघी शिकल्या, कचेरीत लागल्या, आणि अजूनही एकमेकींना फोन करून थोरलीच्या हातांवरच्या डागांबद्दल हळहळतात. थोरलीला त्या डागांचं काडीचंही वाईट वाटत नाही. तिने फाटकं केली, पाण्याच्या टाक्यांचे मनोरे केले, शाळांचे झोके केले, आणि गेली पंधरा वर्षं ती पुतळ्यांचे सांगाडे करत होती.

पुतळ्याच्या पोटात सांगाडा असतो हे लोकांच्या गावीही नसतं. चौथऱ्यावरच्या दगडावर शिल्पकाराचं नाव असतं, उद्घाटन करणाऱ्याचं त्याहून मोठ्या अक्षरात असतं, आणि सगळा भार ज्याने पेललेला असतो तो पोलादाचा सांगाडा आत अंधारात बसलेला असतो. मावशीला त्याचं काही नव्हतं. आपलं काम दिसायला लागलं म्हणजे ते बिघडलं असं समजायचं, असं ती म्हणायची.

बापाचा एकच नियम तिने डोळे मिटून पाळला. क्रेनने काम जागेवर ठेवलं, की वजन पेलणारा पट्टा सोडायच्या वेळी ज्याने सांगाडा केला त्याने खाली उभं राहायचं. शेजारी नाही, खाली. बाप उभा राहिला होता, ती उभी राहत आली होती, टाक्यांखाली आणि पुतळ्यांखाली. तिच्या नवऱ्याचं इस्त्रीचं दुकान होतं. पट्टा सुटायच्या दिवशी तो दुकान बंद करायचा, रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहायचा, आणि क्रेनकडे पाठ करायचा. तो म्हणायचा, घरात दोघंही लोखंडच तापवतो, पण माझ्या लोखंडाखाली फक्त शर्ट असतो.

आता चित्त्याचं सांगायला हवं. चित्ता याच शहरातला. बाजारात पोती उचलणारा पोरगा सिनेमात गेला आणि एका लाथेत चौघांना लोळवू लागला. त्याच्या सिनेमांत गाणी कमी आणि लाथा जास्त, आणि लाथा खोट्या वाटत नसत. त्याच्यामुळे शहरात कराटेचे सात क्लास निघाले. तो जाऊन पाच वर्षं झाली होती, तरी न्हाव्याच्या दुकानात, गॅरेजमध्ये, रिक्षाच्या पाठीवर त्याचं एक पोस्टर असायचंच. डाव्या पायावर ताठ उभा. उजवा पाय उजवीकडे कानाच्या उंचीला आडवा. छाती समोर, मान सरळ, डावा हात डावीकडे लांब ताणलेला आणि मूठ आवळलेली. चेहऱ्यावर बसची वाट बघत असल्यासारखा निवांतपणा.

बेचाळीस वर्षांपूर्वी ते पोस्टर लागलं, आणि तेव्हापासून शहरातलं प्रत्येक पोर एकदा तरी तसं उभं राहायला गेलं आणि पडलं. गच्चीवर पडलं, वर्गात पडलं, स्वयंपाकघरात भांड्यांसकट पडलं. क्लासमधले मास्तर ओरडायचे, की तुमचं मन स्थिर नाही, चित्त्याचं बघा. मास्तरांना स्वतःला ते जमायचं का हे विचारायची सोय नव्हती. मावशीचा अर्धा दात चौदाव्या वर्षी याच नादात गेला होता. तिला त्याचा रागही नव्हता. चित्ता तिचा जीव की प्राण. आपल्याला जमलं नाही, त्याला जमलं, म्हणूनच तर तो चित्ता, असं ती साधंसरळ धरून चालली होती.

पुतळ्यासाठी समिती झाली. खेळाच्या सामानाच्या दुकानाचे मालक तिचे अध्यक्ष झाले, कारण एक तर त्यांनी चित्त्याचे सगळे सिनेमे पहिल्या दिवशी पाहिले होते, आणि दुसरं म्हणजे समितीला बसायला जागा त्यांच्याच दुकानात होती. पुतळा बारा फुटी, ब्रॉंझचा, पोस्टरमधल्याच पवित्र्यात. अध्यक्षांनी वर्तमानपत्राला ठणकावून सांगितलं, की चित्ता एका पायावर उभा राहील, कुठेही टेकू असणार नाही. शेजारच्या शहरात एका घोड्याच्या पोटाखाली खांब होता. इथले लोक वर्षानुवर्षं त्या घोड्यावर हसत आले होते. आता आपल्यावर हसायची पाळी येऊ द्यायची नव्हती.

शिल्पकार अडतिशीचा, हुशार, आणि ते स्वतःलाही ठाऊक असलेला. पण हाताला यश होतं. त्याने मातीत केलेला चित्त्याचा चेहरा पाहून मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही. मग ती कामाला लागली.

तिची कामाची एक रीत होती. आधी तारेचा वीतभर माणूस करायचा. डोकं, छाती, मांड्या, जिथे जेवढं वजन तिथे तेवढा मातीचा गोळा लावायचा, आणि तो माणूस खिळ्याच्या टोपीवर उभा करायचा. दहा आकडे मोजेपर्यंत उभा राहिला तर पुढे पाइपला हात लावायचा. चित्त्याचा तारमाणूस तिने खिळ्यावर ठेवला. तो उजवीकडे पडला. तिने दुसरा केला, मग तिसरा. गोळे काढले, घातले, पुन्हा वजन केले. सात माणसं झाली आणि सातही उजव्या बाजूला पडली, त्याच कोनात, जणू ठरवून. मावशीला आधी स्वतःचा राग आला, मग हाताचा, मग तारेचा. आठव्या वेळी तिने कमरेवरचं अंग डावीकडे झुकवलं आणि तो माणूस असा काही उभा राहिला की फुंकर मारली तरी हलेना.

ती शिल्पकाराकडे गेली. म्हणाली, की अंग डावीकडे झुकवावं लागेल, खऱ्या लाथेत झुकतंच. शिल्पकाराने हसून नकार दिला. चित्ता झुकत नाही म्हणून तर लोक त्याला मानतात, असं तो म्हणाला. महापालिकेच्या इंजिनिअरने नकाशावर सही केली होती, घोट्यातून जाणारा दांडा भार पेलेल असं कागदावर लिहून दिलं होतं. मावशीने सांगितलं की एकदा पेलणं वेगळं आणि रोज पेलणं वेगळं. वारा आहे, ऊन आहे, आणि तो आडवा पाय पाहिल्यावर लोंबकळल्याशिवाय कुठलं पोर राहणार आहे? सगळा ताण घोट्यावर. तर मग घोटा जाड करा, असं ती म्हणाली, तेव्हा शिल्पकाराच्या अंगाचा तिळपापड झाला. चित्त्याचे पाय हत्तीचे करू का, असं त्याने विचारलं.

"सर, हा माणूस पडतोय," मावशी म्हणाली.

"मावशी, बेचाळीस वर्षं सगळ्यांसमोर उभा आहे तो."

"पोस्टरमध्ये उभा आहे. जमिनीवर नाही."

बोलून ती स्वतःच चपापली. घरी येईपर्यंत ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी ती अध्यक्षांच्या दुकानात गेली. तिथे बॅडमिंटनच्या रॅकेटींच्या वर ते पोस्टर मूळ छपाईचं, काचेत होतं. तिने स्टूल मागितलं, भिंग मागितलं, आणि चेहऱ्याकडे न बघता पहिल्यांदाच बाकीचा चित्ता पाहिला. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं बाहेर आला होता. कोणी ओढल्याशिवाय खांदा असा बाहेर येत नाही. आणि मुठीचा अंगठा नको तिथे होता. बोटं गुबगुबीत, एकसारखी, कुठेही शीर नाही. ती मूठ फोटोतली नव्हती, ब्रशने काढलेली होती.

ती स्टुलावरून उतरली. तिला फसवल्यासारखं वाटलं, आणि त्याहून जास्त, आपण नको ते पाहिलं असं वाटलं. तिने अध्यक्षांना एवढंच विचारलं, की या सिनेमातलं कोणी आहे का अजून. अध्यक्ष म्हणाले, फोटोवाला गेला, दिग्दर्शक गेला, आहेत ते फक्त सायकल स्टँडवरचे पडूकाका.

पडूकाका सगळ्यांना माहीत होते. चित्त्याच्या एकतीस सिनेमांत त्यांनी मार खाल्ला होता. जिन्यावरून पडले होते, छपरावरून पडले होते, एकदा तर लग्नाच्या जेवणाच्या टेबलावर पडले होते. नाव त्यावरूनच पडलेलं. आता पंचाहत्तरीचे, बारीक, पाठ अजून सरळ, स्टँडच्या लाकडी खोक्यात बसून सायकलींना नंबराचे पत्रे अडकवत असायचे. मावशीने पोस्टरचं नाव काढलं तसे ते म्हणाले, की मी फक्त पडायचो, मला पोस्टरचं काय ठाऊक. ताकास तूर लागू देईनात. मावशीने पिशवीतून तारमाणूस काढला आणि खोक्याच्या फळीवर खिळ्यावर उभा केला. तो उजवीकडे पडला. तिने उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. मग तिने दोन बोटांनी त्याची डावी मूठ हलकेच धरली. तो उभा राहिला.

पडूकाकांनी तिच्या बोटांकडे पाहिलं आणि हातातला नंबराचा पत्रा खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, पुतळ्याखाली पोरं खेळतील का. खेळतील, ती म्हणाली. मग त्यांनी सांगितलं.

डावा गुडघा फाटला होता चित्त्याचा. सहा आठवडे प्लास्टर, ते त्याच सकाळी काढलेलं, आणि सिनेमा आठ दिवसांवर. दिग्दर्शकाला छाती समोर हवी, चेहरा सरळ हवा, अंग झुकलेलं नको. चित्ता म्हणाला, करू. ज्या पायावर पाऊल टेकवताना रडू येत होतं त्या पायावर तो चार तास उभा राहिला, आणि पडूकाकांनी त्याचं मनगट धरून त्याला ओढून धरलं. तो निवांत चेहरा चौथ्या तासाचा होता. मग रंगाऱ्याने पडूकाकांना ब्रशने पुसलं आणि त्यांच्या हाताच्या जागी मूठ काढली.

"पण तुम्ही कधी बोलला कसे नाहीत?" मावशीने विचारलं.

"पोरं त्याच्याकडे बघून उभी राहायची, बाई. मी बोललो असतो तर कोण उभं राहिलं असतं?"

"काका, उभी कुठली राहतात? बेचाळीस वर्षं पडतायत सगळी." तिने ओठ वर करून अर्धा दात दाखवला.

पडूकाका आधी हसले. मग त्यांचा चेहरा पार उतरला. हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पडायचं कसं हे त्यांच्याइतकं शहरात कोणाला येत नव्हतं, आणि एवढी पोरं त्यांच्या हातामुळे वेडीवाकडी पडत राहिली, हे त्यांना फार लागलं. पण त्यांनी एक कबूल करून घेतलं. हे गावभर होता कामा नये. चित्त्याला लोक खोटारडा म्हणतील, आणि खोटारडा तो नव्हता. मावशीने शब्द दिला. तिचा राग कधीच गेला होता. फाटक्या गुडघ्यावर चार तास उभा राहणारा माणूस तिला त्या पोस्टरातल्या माणसापेक्षा मोठा वाटत होता, आणि त्याला धरून ठेवणारा तर कुठल्या मापात बसवायचा हेच कळत नव्हतं.

शिल्पकाराला मात्र सांगावंच लागणार होतं, आणि तो सांगून ऐकणाऱ्यांतला नव्हता. मावशीने त्याला शेडमध्ये बोलावलं. टेबल सरकवून जमिनीवर दोन गाद्या टाकल्या होत्या. पडूकाका स्टँडला कुलूप लावून आले होते, धुतलेला शर्ट घालून. मावशी म्हणाली, सर, तुमच्या पुतळ्यासारखे उभे राहा. शिल्पकार तरुण, रोज पोहणारा, त्याने बूट काढले आणि पाय उचलला. पाय कानापर्यंत नाही पण कमरेच्या बराच वर गेला. अंग ताठ ठेवलं आणि तो गेला उजवीकडे, थेट गादीवर. पुन्हा उठला. पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी चष्मा काढून ठेवला. पाचव्या वेळी पडूकाकांना राहवेना. ते म्हणाले, सर, हनुवटी छातीला लावून पडा, नाहीतर मान जाईल. आणि स्वतः पंचाहत्तर वर्षांच्या अंगाने त्यांनी त्याला पडून दाखवलं, इतकं अलगद की गादीचाही आवाज झाला नाही.

सहाव्या वेळी पडूकाकांनी त्याचं डावं मनगट धरलं. शिल्पकार उभा राहिला. तसाच, पोस्टरसारखा, छाती समोर, मान सरळ. त्याने डोकं वळवून आपला हात धरलेल्या माणसाकडे पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. तो एवढंच म्हणाला, की पोस्टरपुढे किती तास घालवले होते मी.

आता काय करायचं ते मावशीच्या डोक्यात पक्कं होतं. अंग झुकवायचं तर समिती ऐकणार नाही, आणि झुकवलं तर लोक का म्हणून विचारणार. टेकू तर नाहीच. राहिला तो डावा हात. पडूकाका जेवढी ओढ देत होते तेवढं वजन पुतळ्याच्या डाव्या मुठीत आणि मनगटात भरायचं, आतून, शिशाचं. मूठ ती बाजू खाली ओढून धरेल आणि घोट्यावरचा ताण उतरेल. त्यासाठी काकांची ओढ मोजायला हवी होती. तिने शिल्पकाराच्या मनगटाला पट्टा बांधला, पट्ट्यात ताणकाटा अडकवला आणि काट्याचं दुसरं टोक पडूकाकांच्या हातात दिलं. चौदा किलो. दुसऱ्यांदा साडेतेरा. तिसऱ्यांदा चौदा. चार तास, चौदा किलो. मावशीने आकडा टेबलावर खडूने लिहिला. पुतळा माणसाच्या दुप्पट, काकांची ओढ आडवी आणि शिशाचं वजन उभं, त्यामुळे हिशेब बराच फिरवावा लागला, पण सुरुवात त्या चौदापासून झाली.

शिल्पकाराने मूठही बदलली. गुबगुबीत बोटं काढून टाकली आणि पडूकाकांच्या मनगटाभोवती आपलीच बोटं आवळून, त्यावरून नवी मूठ केली. मधे कोणी नसलेली, पण काहीतरी घट्ट धरलेली. का बदलली ते समितीतल्या कोणाच्या लक्षातही आलं नाही. अध्यक्ष म्हणाले, आता मुठीत जीव आलाय.

दोन महिने मावशी सांगाड्यात होती. पोलादी पाइप कापले, जोडले, एकेक जोड उजेडात धरून पाहिला, तीन जोड मनाला पटले नाहीत म्हणून तोडून पुन्हा केले. डाव्या मनगटात आणि मुठीत शिसं तिने स्वतः भरलं. नवऱ्याला काही सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना सांगून टाकलं. त्याच्यापासून काही लपवायची तिला सवयच नव्हती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हिशेब चुकला तर. ती म्हणाली, चुकला तर दांडा आहेच की. तो म्हणाला, तू म्हणालीस ना दांडा पुरणार नाही म्हणून. तिला भीती वाटत होती, हे तिने त्याला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं. आतापर्यंत तिच्या डोक्यावर जे जे होतं ते खिळ्यावर उभं राहिलेलं होतं. हा एकटाच होता जो कधीच स्वतःहून उभा राहिला नव्हता.

पुतळा उभा करायचा तो दिवस ढगाळ होता. चौक दोरीने बंद केला होता. अख्खं शहर लोटलं होतं, क्लासची पोरं पांढऱ्या कपड्यांत ओळीने, रिक्षावाले रिक्षांच्या टपांवर. क्रेनने ब्रॉंझचा चित्ता उचलला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो हवेत हळूहळू फिरला, चौथऱ्यावर आला, दांडा भोकात गेला, बोल्ट आवळले गेले. फक्त पट्टा राहिला. मावशी दोरीखालून आत गेली आणि त्या आडव्या पायाच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली. रस्त्यापलीकडे इस्त्रीचं दुकान बंद होतं आणि तिचा नवरा क्रेनकडे पाठ करून फळीला टेकला होता.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने कोणीतरी दोरीखालून वाकून आलं. पडूकाका. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, आत यायचं पत्रही नव्हतं. ते चौथऱ्याला वळसा घालून पुतळ्याच्या डाव्या मुठीखाली गेले आणि पाय थोडे फाकवून उभे राहिले.

अध्यक्ष लांबून हातवारे करायला लागले. वर्तमानपत्राचा फोटोवाला समोरच गुडघ्यावर बसला होता, त्याला पट्टा सुटतानाचा क्षण हवा होता. वेल्डरबाई खाली उभी राहते ही गोष्ट त्याला माहीत होती, ती त्याला फोटोत हवीच होती. त्याने कॅमेरा खाली घेतला.

"काका, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."

पडूकाका लगेच हलले. कोणी बाजूला व्हा म्हटलं की बाजूला व्हायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं. त्यांनी एक पाऊल टाकलंसुद्धा.

"ते तिथेच राहतील," मावशी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पडूकाका थांबले. "ते बाजूला झाले तर पट्टा सुटणार नाही."

अध्यक्षांनी विचारलं, ते कोण म्हणून. मावशीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, माझ्या कामातले आहेत.

पडूकाका परत जागेवर आले. शिल्पकार दोरीजवळ उभा होता, त्याने चष्मा काढून हातात घेतला होता. मावशीने हात वर केला. क्रेनवाल्याने पट्टा ढिला सोडला. वर कुठेतरी लोखंड एकदा करकरलं, घोट्यापाशी. ती जागची हलली नाही. एक, दोन, तीन, ती मनात मोजत राहिली, आणि मोजताना वर बघायच्या ऐवजी समोर बघत होती. समोर पडूकाकांचा उजवा हात वर गेला होता. त्यांना ते ठाऊकही नव्हतं. मूठ त्यांच्या डोक्यावर कितीतरी उंच होती, हात पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता, तरी बोटं कोणाचं तरी मनगट धरल्यासारखी आवळलेली होती आणि सगळं अंग मागे रेललेलं होतं. दहा झाले. पट्टा मोकळा होऊन खाली लोंबत राहिला, चित्ता एका पायावर उभा होता, आणि फोटोवाल्याने फोटो घेतला.